पंखा बसवण्याआधी

प्रिय ठकू,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगून टाकतो की आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर तक्रारीला जागा नाही, आणि गुडघ्याची तक्रारही ती तोंडाने करत नाही, जिना चढताना माझ्याकडे रागाने बघते एवढंच. फोन करायचा सोडून हा माणूस पत्र काय खरडत बसलाय, असं तुला वाटेल. पण तुझा फोन आला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते आणि माझ्या शेजारी येऊन बसते, हे तुला ठाऊक आहे. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. म्हणून दुकानात बसून लिहितोय. गिऱ्हाईक नाही. समोरच्या मांडणीवर चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा ओळीने माझ्याकडे तोंड करून बसल्यात, त्यांची मला सवय आहे.

गेल्या खेपेला तू चिडून निघून गेलीस, त्याचा राग माझ्या मनात नाही. बरोबर तुझंच होतं. पिल्लूची छाती घरघरायला लागली, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढत विचारलं की घरात कुठे ओल आहे का, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी छताकडे. मग घरी येऊन तू पाळणा भिंतीपासून ओढलास. मागे ती काळी बुरशी, पाळण्याच्या कठड्याएवढ्या उंचीपर्यंत चढलेली. तुझ्या खोलीची ती भिंत म्हणजे पलीकडून बाथरूमची भिंत. तू म्हणालीस, "बाबा, त्या बाथरूमला तुम्ही श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीत, आता माझ्या लेकरालाही ठेवू नका." पंखा बसेपर्यंत पिल्लू या घराची पायरी चढणार नाही असंही म्हणालीस. तुझी आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकलं. पातेलं घासायचं थांबवून तिने नळ बंद केला.

तू पाठवलेला एक्झॉस्ट फॅन अजून खोक्यातच आहे, कपाटाच्या डोक्यावर. दर फोनला तू विचारत आलीस आणि दर वेळी मी नवीन कारण काढत आलो. भिंतीला भोक पाडायला शेजारचे नाही म्हणतात, आईला त्याची घरघर सोसणार नाही, वायरमनला सवड नाही. एकदा तर मी वायरमनच्या सासूला परस्पर आजारी पाडलं. त्या बिचाऱ्याला सासू आहे की नाही हेही मला माहीत नाही. तुला वाटलं, बाबांनी हात आखडता घेतला. जावईबापूंना वाटलं असेल की सासरा हेकट आहे. वाटू दिलं. हेकट असणं खऱ्या कारणापेक्षा सोपं होतं.

तुला ते बाथरूम कसं दिसत असेल ते मी जाणतो. वरच्या झडपेच्या काचपट्ट्या बंद, त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी. दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून कोंबलेला. छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके, रंगाचे पोपडे, आणि तो कुबट वास, जो आमच्या टॉवेलांना आणि माझ्या सदऱ्यांनाही येतो. दर वर्षी हवा कोरडी झाली की मी भिंत खरवडून घ्यायचो, बुरशीचं औषध मारायचो, वर पांढरा रंग. रंगारी एकदा म्हणाला, "काका, भिंतीला ताप आलाय आणि तुम्ही पावडर लावताय." मी हसलो. मला का ते कळत नव्हतं? वाफेला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती सगळ्यात गार वस्तू शोधते आणि तिच्यावर बसते. काच, फरशी, भिंत. चष्म्यावरच्या वाफेवर मी आयुष्यभर लोकांना भाषण देत आलोय. ती खिडकी आम्ही समजून उमजून बंद केली, ठकू. आम्हाला वाफ हवी होती.

मध्ये एक बाई येऊन गेल्या. लांबचं दिसत नाही म्हणाल्या, तपासलं तर जवळचं दिसत नव्हतं. त्यांना चाळिशीचा चष्मा म्हणताच राग आला. असो.

तुझा दादा बाथरूममध्ये किती वेळ लावायचा ते तू विसरली नसशील. तू बाहेरून दारावर थापा मारायचीस, तो आतून शिट्टी वाजवायचा, आणि शेवटी बाहेर यायचा तेव्हा मागे वाफेचा लोट आणि आरशावर तुझं चित्र. दोन वेण्यांचा कावळा. तू रडत माझ्याकडे यायचीस की याला सांगा, आणि मी आत जाऊन बघायचो तर कावळा खरोखर तुझ्यासारखा. त्याचा हातच तसा होता. बोट एकदा टेकवलं की चित्र संपेपर्यंत उचलायचं नाही. माझं चित्र काढायचा तेव्हा सुरुवात नाकापासून. आधी ते एवढं मोठं नाक, त्याच्यावर कसाबसा टेकवलेला चष्मा, खाली मिशी, आणि डोक्यावर तीन केस. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या नाकाची जी अब्रू काढलीत, तेवढी आजवर कोणी काढली नाही. मी दाढी करायला उभा राहायचो, ते चित्र हाताने पुसायचो आणि बाहेर येऊन रागावल्याचं सोंग करायचो.

तो ज्या सकाळी गेला, त्या सकाळी मला दुकानात लवकर पोचायचं होतं. मी दाढी न करताच निघालो. म्हणून त्या दिवशी आरसा कोणी पुसला नाही. दुपारी वळणावरच्या अपघाताचा फोन आला, आणि पुढचं तुला माहीत आहे. तू हॉस्टेलवरून आलीस. घर माणसांनी भरलं, बाथरूमची झडप दिवसभर उघडी, जो तो घाईघाईने दोन तांबे ओतून बाहेर. महिनाभराने तू परत गेलीस. त्यानंतर थंडी पडली आणि एका सकाळी तुझी आई ओल्या केसांनी, पाणी ठिबकत बाहेर आली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिने माझा हात धरून मला आत नेलं आणि दार लावून घेतलं. गरम पाण्याचा नळ सोडला आणि मला आरशासमोर उभं केलं.

वाफ वरून खाली बसत येते. आधी तीन केस दिसले. मग चष्मा. मग नाक आणि मिशी. कोणी काचेच्या पलीकडे उभं राहून सावकाश काढत आणावं तसं ते चित्र पुरं झालं.

याच्यामागे काय असतं ते मला ठाऊक आहे. बोटाला तेल असतं, साबण असतो, रेघ ओढली की तो अंश काचेवर राहतो. काच कोरडी असताना दिसत नाही. वाफ बसली की तेवढी रेघ सोडून बाकीची काच पांढरी होते. पुसेपर्यंत तो अंश टिकतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. त्या सकाळी ते सगळं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. तुझी आई म्हणाली, "पुसू नका." एवढंच.

तिथून आमचं हे सुरू झालं. झडप बंद, फट बंद, पाणी कढत. मी दाढी करायला उभा राहिलो की तो माझ्यासमोर मला काढून ठेवायचा. तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता, त्याने चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर काढलं होतं, म्हणून मी टाचा उंच करायचो. मग माझा चष्मा त्याने काढलेल्या चष्म्यात बसायचा. तुझी आई आत तासतास असायची. एकदा टॉवेल द्यायला गेलो तर आतून कुजबुज. मी दाराशी उभा राहून ऐकलं, लाज वाटली तरी ऐकलं. ती त्याला घरातल्या बातम्या सांगत होती. दूधवाला बदलला. समोरच्यांनी झाड तोडलं. ठकूचं लग्न ठरलं, मुलगा बोलायला बरा आहे, पण जेवतो फार हळू. कितीतरी वर्षं आम्ही दोघंही त्या बाथरूमचं दार वाजवून मगच आत जातो. आत कोणी नाही हे ठाऊक असतं, तरी वाजवतो आणि क्षणभर थांबतो. ओलीने फुगलेलं ते दार कधी कधी आपोआप कुरकुरत उघडतं. तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

तुला का नाही सांगितलं, हे तू विचारशील. तू तेव्हा पुन्हा अभ्यासाला लागली होतीस, फोनवर हसायला लागली होतीस. आई म्हणाली, तिला यात नको ओढायला, तिला पुढे जाऊ दे. तू यायचीस तेव्हा ती आरशावर चादर टाकायची आणि आरसा फुटलाय म्हणून सांगायची. मग इतकी वर्षं गेली की सांगायचं तरी कुठून सुरू करायचं तेच कळेना.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मला दुकानात येऊन लिहावं लागतंय. तुझी आत्या आमच्याकडे आठवडाभर राहून गेली, पिल्लू व्हायच्या आधीची गोष्ट. आत्याचं तुला माहीत आहे, दुसऱ्याच्या घरातला डाग तिला झोपू देत नाही. तुझी आई बाजारात गेली असताना तिने बाथरूम घासून काढलं. ओला वर्तमानपत्राचा कागद घेऊन आरसा चकचकीत केला आणि मला बोलावून कौतुकाने दाखवला. मी मान डोलावून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मी आत गेलो, नळ सोडला, वाफ बसली. पांढरी काच. केस नाहीत, चष्मा नाही, काही नाही. त्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं. बाहेर आलो तर तुझी आई दाराशी उभी. तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "पाणी मस्त तापलंय." ती आत गेली. आत ती बराच वेळ होती आणि बाहेर आल्यावर तिने सरळ कणीक मळायला घेतली. मला वाटलं, आता ही कोसळणार. रात्रभर तिच्या श्वासाकडे कान लावून पडलो.

त्यानंतरच्या सकाळी चित्र परत आलं होतं.

ठकू, मी घाबरलो. साठी उलटलेला माणूस, नळ तसाच वाहता ठेवून आरशाला पाठ लावून उभा राहिलो. मग वळून नीट बघितलं आणि सवयीने चष्मा चष्म्यात बसवायला गेलो. टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. चित्र खाली आलं होतं, तुझ्या आईचा हात जिथे सहज पोचतो तिथे. रेघा सुबक, पण थांबत थांबत काढलेल्या, जिथे बोट टेकून राहिलं तिथे साबणाचे जाड ठिपके. आणि नाक निम्मं. नवऱ्याचं एवढं मोठं नाक काढायला तिचा हातच धजला नसावा.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी ती ते चित्र साबणाच्या बोटाने पुन्हा गिरवते. मी ते दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघतो. आधी मला वाटायचं, ती स्वतःची समजूत घालतेय. मग एक दिवस लक्षात आलं की त्या सकाळी मी पांढरा आरसा बघून बाहेर आलो, तेव्हा तिने माझं तोंड बघितलं होतं. हे ती माझ्यासाठी करतेय. तिला वाटतं की दादाचंच चित्र परत उमटलं असं मी धरून चाललोय, आणि खरं मला कधी कळू नये. दादाने काढलेला मी त्या वर्तमानपत्राच्या कागदाबरोबर गेला. आता आरशात आहे तो तिने काढलेला मी. मला त्याचं वाईट वाटतं आणि तिच्यावर जीव इतका येतो की सांगता येत नाही. पण त्यापायी भिंत सडत गेली, आणि पलीकडे पिल्लू झोपत होतं. तिकडे आमचं दोघांचंही लक्ष गेलं नाही.

तू गेल्यावर तुझी आई रोज संध्याकाळी तुझ्या खोलीत जाऊन त्या काळ्या भिंतीसमोर बसायची. मग परवा तू फोन पिल्लूच्या तोंडाशी धरलास. पिल्लू हसलं आणि हसून झाल्यावर नुसता श्वास ऐकू आला, स्वच्छ. ती बारीक शिट्टी नव्हती. तू आनंदाने सांगितलंस की औषधसुद्धा बंद झालं. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपलं घरच लागत होतं त्याला." आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "ते खोकं खाली काढा."

मी म्हटलं, पंखा चालू असला की वाफ बसणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, कधीतरी बंद ठेवू. तर म्हणाली, "नको. एकदा बंद ठेवला की रोज ठेवीन. माझा मला भरवसा नाही." फोटो काढून ठेवू म्हणून मी मोबाईल घेऊन आत गेलो, त्यात नुसता पांढरा ढग आणि माझा हात आला. वायरमनला भेटून आलो. झडपेच्या जागी पंखा बसेल, दार खालून थोडं तासून फट ठेवायची म्हणजे बाहेरची हवा आत येईल आणि ओली हवा निघून जाईल. तुझ्या खोलीची भिंत खरवडून, पुरती वाळवून मगच रंग. सगळं ठरलंय. तुझ्या आईची एकच अट आहे. पंखा बसायच्या आधी तू एकदा एकटीने यायचं आणि ते बघायचं. "तिच्या भावाचं आहे, तिचाही हक्क आहे," म्हणाली. मग कप खाली ठेवत म्हणाली, "ती ओळखेल का हो?" मी म्हटलं, न ओळखायला काय झालं, माझंच तर तोंड आहे. ती हसली. पण खाली ठेवलेला रिकामा कप तिने पुन्हा उचलून तोंडाला लावला.

म्हणून हे पत्र. रविवारी ये. फोनवर ती तुला नुसतं ये म्हणेल, तूही काही माहीत नसल्यासारखी ये. ती तुला आत पाठवेल, पाणी तापवून ठेवलेलं असेल. दार लावून घे आणि वाफ बसू दे. दादाचा हात तुझ्याइतका कोणालाच ठाऊक नाही, तुला पहिल्या नजरेत कळेल. रडायचं असेल तर आतच रड, नळाचा आवाज असतो. बाहेर येशील तेव्हा ती दाराशी उभी असेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत असेल. मी मागेच असेन. आम्हा दोघांना ऐकू जाईल असं तिला सांग, की दादाने बाबांचं नाक अगदी नेहमीएवढंच मोठं काढलंय.

तुझाच,
बाबा